फर्निचर डिझाइनची पदवी घ्यायची, पण परत कोकणातच यायचं. जमेल?

सड्यावरची
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावीला आहे, कला शाखेत. तिला फर्निचर डिझाइन शिकायचंय. नुसतं कागदावर काढायचं नाही, स्वतः बनवायचंही, आणि शिकून परत देवगडलाच काम उभं करायचं असं म्हणते. गेल्या वर्षी माळ्यावरच्या जुन्या आंब्याच्या लाकडी पेट्या सोडवून पुस्तकांचं कपाट केलंन, ते अजून डुगडुगत नाही.

घरात दोन तट पडलेत. सासरे म्हणतात, "सुतारकी शिकायला विद्यापीठ कशाला? बाजारात मेस्त्री कमी आहेत का?" नवऱ्याचं म्हणणं, डिझाइन शिक पण मग मुंबईत राहून इंटिरियर कर, पैसा तिथे आहे. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही आणि उत्तरही देता येत नाही. हे खरोखर शिकवतात कुठे? मुलांकडून हाताने काम करून घेतात का? आणि परत आल्यावर इथे पोट भरतं का? ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा, प्लीज.

काजूगर
पहिला! सासऱ्यांना सांगा, स्वयंपाक शिकवायला पण हॉटेल मॅनेजमेंट आहे.

चिरेबंदी
ताई, कला शाखेने काही अडत नाही. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, पदवीला कुठल्याही शाखेचा बारावी चालतो. त्यांची डॅट नावाची परीक्षा दोन टप्प्यांत असते. आधी प्रिलिम्स, मग मेन्स, आणि मेन्समध्ये हातात साहित्य देऊन काहीतरी करायला लावतात. चार वर्षांचा कोर्स, पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, मग शाखा. त्यात 'फर्निचर अँड इंटिरियर डिझाइन' ही शाखा अहमदाबादला आहे. दुसरी वाट यूसीडची, म्हणजे आयआयटीतल्या डिझाइन पदवीच्या प्रवेश परीक्षेची. आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र १९६९ पासूनचं आहे, पण तिथली बी.डेस. २०१५ ला सुरू झाली. फर्निचर अशी वेगळी शाखा तिथे नाही, वस्तूंचं डिझाइन शिकवतात, त्यात खुर्चीही येते. फीचे आकडे इथे टाकत नाही, दरवर्षी बदलतात.

मी आर्किटेक्ट आहे, सिंधुदुर्गात कामं करतो. शेवटच्या प्रश्नावर नंतर सविस्तर लिहीन, आता साइटवर स्लॅब आहे.

गिरगावचा_बाप्या
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चार वर्षं आणि एवढा पैसा घालून मुलगी शेवटी प्लायवूडवर लॅमिनेट चिकटवणाऱ्यांशी भावाची घासाघीस करणार. यूट्यूबवर जगभरचे कारागीर फुकट शिकवतायत. त्याच पैशात चांगली मशिनं येतील.

रंधा_पटाशी
@गिरगावचा_बाप्या, यूट्यूबवर सांधा कसा कापायचा ते दिसतं. तो सांधा तिथे का नको, हे कोणी सांगत नाही.

मी अहमदाबादला फर्निचर शिकलो, मूळचा रत्नागिरीचा. हाताने काम करून घेतात का? हो, पण कसलेला मेस्त्री होण्याइतकं नाही. वर्कशॉपमध्ये लाकूड, धातू सगळं हाताळावं लागतं. आधी कागदावर, मग पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल, मग पूर्ण मापाचं ड्रॉइंग, मग खरी वस्तू. या प्रत्येक पायरीवर सर विचारतात, "यावर बसणार कोण?" खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४२० ते ४५० मिलिमीटर ठेवतात. माझी आजी त्यावर बसली तर पाय लोंबकळायचे. म्हणून बुटकी आरामखुर्ची करायला घेतली, तर तिथून उठताना तिच्या गुडघ्यांचे हाल. बैठक, हाताची उंची आणि पाठीचा कोन एकमेकांत कसे अडकलेत ते तेव्हा कळलं. हे शिकायला विद्यापीठच लागतं असं नाही, पण कोणीतरी सतत टोकणारं लागतं.

थोडा इतिहास. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर पतिपत्नींनी १९५८ मध्ये सरकारला अहवाल दिला, त्यातून १९६१ ला एनआयडी उभी राहिली. जॉर्ज नाकाशिमा, म्हणजे लाकडातला जागतिक दर्जाचा माणूस, १९६४ मध्ये तिथे येऊन काम करून गेला. गजानन उपाध्यायांसारखे मास्तर तिथे वर्षानुवर्षं फर्निचर शिकवत होते. त्यामुळे 'भारतात हे कुठे असतं' असं कोणी म्हटलं की मला हसू येतं.

आता वाईट बाजू. पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात माझी चुलतबहीण 'फर्निचर' असं ब्रोशरवर वाचून गेली. वर्कशॉपला कायम कुलूप, मॉडेल बाहेरून पैसे देऊन करून आणायचं. प्रवेशाआधी वर्कशॉप बघायला मागा. जमिनीवर भुसा दिसला पाहिजे. फरशी चकचकीत असेल तर सरळ बाहेर पडा.

अबोली
भुशाची परीक्षा आवडली :)

मेस्त्री_कुडाळ
ताई, चेडवाक पाठवा. पण त्याआधी कोणाच्या तरी पडवीत बसवा तिका, रंधो मारूक. हाताक घट्टे इले आणि तरी परत इली, तर समजा तिचा खरा.

बाकी शुद्धात लिहितो, नायतर पुणेकार म्हणतले काय कळना नाय. मी पिढीजात सुतार. माझा मुलगा फार्मसीला आहे, त्याला यात यायचं नाही आणि मी जबरदस्ती करत नाही. आमच्या वाडीत मोजून मापून लाकूडकाम करणारे आता म्हातारेच उरले. नवीन कामं बहुतेक राजस्थान, यूपीची मुलं करतात, आणि चांगली करतात. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा त्यांच्याबरोबर जूनमध्ये काम करून बघावं.

पण शिकलेल्या पोरांबद्दल माझी एक तक्रार आहे. ड्रॉइंग सुंदर आणतात. त्यात सागाच्या दोन फूट रुंद फळीला चारी बाजूंनी स्क्रू मारून पक्कं करा म्हणून लिहिलेलं असतं. मी सांगतो, फुटेल. ते म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये फुटत नाही.

रंधा_पटाशी
मेस्त्री, हे सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवं. बाप्याजींच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, म्हणून जरा हिशेब मांडतो.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, पॉलिश केलं तरी. अहमदाबादच्या एप्रिलमध्ये ते ६ ते ८ टक्के ओलाव्यावर येतं. आपल्याकडे जुलैत हवेत ८५-९० टक्के दमटपणा असतो, तेव्हा तेच लाकूड १७ टक्क्यांच्या वर जाऊ पाहतं. उभ्या रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, फरक जवळपास नाही. रुंदीत आहे. ओला साग पूर्ण कोरडा होईतो वाढीच्या कड्यांच्या दिशेने सुमारे पावणेसहा टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे तिथे तयार केलेला ६०० मिलिमीटर रुंदीचा टेबलाचा माथा इथे पावसाळ्यात एक सेंटिमीटरपर्यंत फुगू शकतो, फळी कशी कापलीय त्यावर अवलंबून. त्याला चारी बाजूंनी स्क्रू मारलेत तर तो वाकेल, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात चिरेल.

उपाय जुनेच आहेत. दाराच्या चौकटीत दिलहा, म्हणजे मधली फळी, खाचेत मोकळा ठेवायचा, सरस लावायचा नाही. माथ्याच्या खालचं स्क्रूचं भोक लांबट करायचं. ड्रॉवरला जागा सोडायची. मेस्त्रींना हे वडिलांकडून आलं, मला आलेखावरून. विद्यापीठाचा फायदा इतकाच की उद्या अनोळखी लाकूड हातात आलं, रबर म्हणा, बाभूळ म्हणा, तर त्याचा आकडा बघून मी आधीच अंदाज बांधू शकतो.

फणसपोळी
आमच्या देवघराच्या खणाचं रहस्य उलगडलं. श्रावणात उघडत नाही, माघात आपोआप उघडतो. सासूबाई देवाचा कोप समजतात.

काजूगर
@फणसपोळी, सांगू नका त्यांना. श्रद्धेने खण तरी साफ राहतो.

वाशिष्ठी
चिपळूणहून. २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यावर पुराचं पाणी होतं. पार्टिकल बोर्डचं टीव्ही युनिट ओल्या बिस्किटासारखं हातात आलं. प्लायवूडचा पलंग कडांनी फुगून उघडला. सासऱ्यांच्या वेळचं सागवानी कपाट चिखलातून काढलं, मेस्त्रींनी बजावलं की उन्हात ठेवू नका, सावलीत दारं काढून उभं करा. पुढे दिवाळीपर्यंत वाळत होतं. एक दार जरा तिरकं झालं, बाकी आजही वापरात आहे.

तेव्हापासून वाटतं, कोकणासाठी फर्निचर हा वेगळाच विषय आहे. पूर आला तर काय काढता येईल, तळाशी पाय किती उंच, पाठीमागे हवा खेळायला जागा किती. कॅटलॉगमध्ये हे कुठे असतं?

चिरेबंदी
साइटवरून परतलो. वाशिष्ठीताईंच्या मुद्द्याला जोडून, 'मरीन प्लाय' मागताना आयएस ७१० हा क्रमांक बघा. त्याला उकळत्या पाण्यात ७२ तासांची चाचणी असते. आयएस ३०३ वेगळा, तो साध्या प्लायचा. आणि नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका, मानक क्रमांक, परवाना क्रमांक, बिल, सगळं बघा. समुद्राजवळच्या घरात बिजागऱ्यांचंही तेच. साध्या ३०४ स्टीलवर खाऱ्या वाऱ्याने डाग पडतात, ३१६ टिकतं कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. महाग आहे, पण दरवर्षी बिजागरी बदलणं त्याहून महाग.

आता शेवटचा प्रश्न. माझ्या अनुभवात इथे काम आहे, मात्र ज्या रूपात मुलं शोधतात त्या रूपात नाही. होमस्टेवाल्यांना झोपाळा हवा, ओटीवरचं बाकडं हवं, माजघरात शोभेल असं फडताळ हवं, आणि ते ओरिजिनल 'जुनं' दिसायला हवं. नेटवरून येतं ते राजस्थानी कोरीवकाम. मालवणच्या घरात ते परक्या लग्नातल्या पाहुण्यासारखं उभं असतं. आपल्या घरांच्या मापाचं, आपल्या हवेला टिकणारं कोणी नीट करत असेल तर मी आजच ऑर्डर देतो. देणारे माझ्यासारखे आणखीही आहेत. अडचण गिऱ्हाइकाची नाही. वेळेवर काम, ठरलेला भाव आणि कागदावर हिशेब, इथे सगळं अडतं.

गिरगावचा_बाप्या
म्हणजे माझंच खरं! हिशेब शिकायला एनआयडी कशाला?

चिरेबंदी
बाप्याराव, त्या ड्रॉइंगवरूनच घनफूट निघतात. ड्रॉइंग नसेल तर 'बघूया, किती लागतंय' यावर काम चालतं, आणि मग शेवटच्या आठवड्यात भांडण.

आयटीआयवाला
मी सरकारी आयटीआयत शिकवायचो, निवृत्त झालो. या धाग्यावर कोणी आयटीआयचं नावच काढलं नाही म्हणून लिहितोय. सुतारकामाचा ट्रेड एका वर्षाचा, आठवी पासला प्रवेश. रंधा, पटाशी, करवत, गुण्या हातात घेऊनच वर्ष जातं. सांधे कापून, जुळवून दाखवल्याशिवाय पास नाही. ज्या मुलीला पुढे डिझाइन करायचंय तिने हे वर्ष केलं तर बिघडलं काय? डिझाइनला प्रवेश एका झटक्यात मिळत नाही बऱ्याचदा. मोकळ्या वर्षात क्लासचे पैसे भरण्यापेक्षा हात तयार होतील.

आणि हो, ज्यांना लाकडाच्या शास्त्रातच खोल जायचंय त्यांच्यासाठी देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत वूड सायन्सची एम.एस्सी. आहे, बंगळुरूला आयडब्ल्यूएसटी ही लाकडाचीच संस्था आहे. आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राचं कॉलेज आहे. सगळ्यांना खुर्चीच करायची नसते, कोणी खुर्चीचं लाकूड कसं वाळवायचं ते शिकतं.

अबोली
सर, मुलगी म्हणून एक प्रश्न. मुलींना त्या वर्कशॉपमध्ये कसं वागवतात?

आयटीआयवाला
खरं सांगतो, मुली कमी यायच्या. आल्या त्या नीटनेटकं काम करायच्या. गोलकरवतीसमोर मुलगा-मुलगी असं काही नसतं, ओढणी, मोकळे केस, सैल बाही आणि हातमोजे हे तिथे सगळ्यांना बंद. हातमोजे का, असं विचारतात सगळे. फिरत्या पात्यात हातमोज्याचं टोक अडकलं की हातासकट ओढलं जातं.

तांबडी_माती
मी बाई आहे आणि एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे, म्हणून बोलते. पहिले काही महिने टेम्पोवाला लाकूड उतरवताना विचारायचा, "मालक कुठे आहेत?" आता विचारत नाही, कारण ओल्या फळ्या परत पाठवते. मॉइश्चर मीटर विकत घेतला हे माझं सगळ्यात शहाणपणाचं काम. लाकूडवाला 'सुकं आहे' म्हणतो, दोन सुया टोचल्या की आकडा समोर.

बापरे, मशिनांबद्दल कोणी बोललंच नाही. थ्री फेज कनेक्शन, सरफेस प्लेनर, थिकनेसर, भुसा ओढणारं यंत्र. कॉलेजात हे सगळं समोर तयार असतं, म्हणून मुलांना कळत नाही की बाहेर आल्यावर सुरुवात हातरंध्याने आणि भाड्याच्या शेडमध्ये होते. शिकता शिकताच कमी यंत्रांत होणाऱ्या दोन-चार वस्तू तयार ठेवाव्यात. स्टूल, पाट, चौरंग, मुलांचं टेबल. मोठ्या कपाटाची ऑर्डर पहिल्याच वर्षी घेऊ नये.

फणसपोळी
विषय निघालाच आहे तर, आमच्या परसातला फणस म्हातारा झालाय. त्याचं फर्निचर होईल का? की नुसताच पिवळा दिसतो?

मेस्त्री_कुडाळ
होतं तर! फणस नवा असताना पिवळाधमक, मग वर्षागणिक तांबूस-तपकिरी होत जातो. देव्हारे, दारं, मृदंगाची खोडं, सगळं फणसाचं असायचं. आंब्याला मात्र कीड लवकर लागते, त्याला बोरिक-बोरॅक्स पाजल्याशिवाय घरात घेऊ नका.

काजूगर
मेस्त्री, लाकूड कापा फणसाचं चांगलं की बरक्याचं?

मेस्त्री_कुडाळ
यावर आमच्याकडे दोन लग्नं मोडलीत. पुढचो प्रश्न.

खाडीपलीकडे
थांबा फणसपोळीताई, झाड तोडायच्या आधी परवानगी. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीत फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर असे वृक्ष येतात, स्वतःच्या जागेतले असले तरी. वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात आधी विचारा, लाकूड हलवायला वाहतूक पासही लागतो.

यावरून आठवलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडात झाडं अक्षरशः झोपली. चांगला फणस, आंबा, शिवण मिळेल त्या भावाने सरपणाला गेला, कारण चिरून थप्पी लावायला ना जागा ना माणूस. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष असं हवेवर वाळवायचं गणित धरतात. एवढा धीर आणि शेड ज्याच्याकडे होती, त्याच्याकडे नंतर चांगलं लाकूड आलं. फर्निचर शिकलेल्या कोणी ही साखळी बसवली तर ती मुंबईतल्या पगारापेक्षा मोठी गोष्ट आहे, असं मला वाटतं.

नारळीपौर्णिमा
लाकूड लाकूड काय करताय सगळे? सिंधुदुर्गात माणगा बांबू आहे! बिनकाट्यांचा, खालच्या भागात जवळजवळ भरीव, फर्निचरला यासारखा नाही. कुडाळला कॉनबॅक संस्था बांबूचं फर्निचर आणि बांधकाम करतेच आहे. २०१७ मध्ये वनकायद्यात बदल होऊन बांबू 'झाड' या व्याख्येतून बाहेर आला, म्हणजे वर खाडीपलीकडेंनी सांगितलेली कटकट इथे तितकी नाही. एनआयडीत एम. पी. रंजन यांनी आणि आयआयटीच्या आयडीसीत ए. जी. राव यांनी बांबूवर कितीतरी काम केलंय. मुलीला सांगा, कुठे मुलाखत असलीच तर बांबू बोल.

रंधा_पटाशी
मुलाखतीसाठी म्हणून बांबू बोलू नका, कृपया. समोर बसलेल्यांनी आयुष्यभर बांबू केलाय, दोन मिनिटांत पकडतील. पेट्यांचं कपाट घेऊन जा, त्याबद्दल बोला. खिळे कसे काढले, फळ्या कुठे फुटल्या, सांधा का तसा केला.

बांबूचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि दोडामार्गकडच्या रबराचाही. चीक संपला की ती झाडं निघतात. ते लाकूड कापल्यावर लगेच बोरॉनचं द्रावण दाबाने भरलं नाही तर बुरशीने निळं पडतं. भरलं तर उत्तम फर्निचर होतं.

समुद्रपक्षी
अवांतर: इंग्लंडात हाय विकम नावाचं गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या फुटबॉल संघाला आजही 'चेअरबॉइज' म्हणतात, आणि तिथल्या विद्यापीठात फर्निचर कित्येक दशकं शिकवलं गेलं. धंदा आधी, विद्यापीठ मागून. आपल्याकडे सावंतवाडीची चितारआळी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी, फळं, लाखकाम करतेय. त्यांच्या मागून काय आलं? प्लास्टिकची फळं.

गिरगावचा_बाप्या
यावर मात्र सहमत. नोंद घ्यावी, मी सहमत झालो.

काजूगर
स्क्रीनशॉट काढला.

सड्यावरची
सगळ्यांचे आभार, मुलीने धागा माझ्या आधी वाचून काढला. सासऱ्यांना वाशिष्ठीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग सागाचं करूदे, बोर्डाचं नको." हा होकार आहे की नाही, कळलं नाही.

तिचं आता असं ठरतंय. डॅट आणि यूसीड दोन्ही द्यायच्या. नाही झालं तर आयटीआयचं वर्ष करून पुन्हा द्यायच्या. नवऱ्याला तांबडी_माती यांचा कारखाना बघायचाय, चालेल का? आणि मेस्त्री, परीक्षा झाल्यावर मे महिन्यात तिला तुमच्याकडे पाठवू का? काय काय आणायचं?

तांबडी_माती
चालेल, व्यनि (खासगी निरोप) करते. शनिवारी या, त्या दिवशी पॉलिश नसतं, नाकं शाबूत राहतील.

मेस्त्री_कुडाळ
पाठवा. हत्यारा हयसर आसत, काय्येक हाडू नको सांगा. जेवणाचो डबो तेवढो हाड म्हणा. पयले पंधरा दिवस नुसती पटाशीक धार लावूक बसवतलंय, मगे रडत फोन इलो तर माका सांगू नका.

गिरगावचा_बाप्या
मेस्त्री, मी पण येऊ का? वय बावन्न.

मेस्त्री_कुडाळ
येवा. यूट्यूब घराक ठेवन येवा.